लुकलुकणाऱ्या कर्सरचे तेरा टक्के

"बाई, ऐकलंत काय? आज परत दुरुस्ती आली!"

गडग्यापलीकडून वहिनींनी आवाज दिला तो असा, की कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं असावं. मी आमसुलं उन्हात पसरायची सोडून गडग्याशी गेले. बातमी निघाली लेकीच्या लॅपटॉपची. वहिनींची लेक पुण्याच्या कंपनीचं काम इथं हर्ण्यात, घरच्या पडवीत बसून करते. लॉकडाउनात आली ती राहिलीच. ती ज्या एडिटरमध्ये कोड लिहिते त्यानं सकाळी सकाळी फर्मावलंन, की नवीन आवृत्ती आली आहे, एकदा बंद करून उघडा.

"मागच्या महिन्यात पण हेच झालं ना?"

"दर महिन्याला हेच! मी म्हटलं तिला, अगो, फसवलंन तुला कुणीतरी. फुकट मिळालेली वस्तू ही अशीच असायची. एकदाच काय ती नीट करून द्यायला काय होतं ह्यांना?"

ज्यांचा कोडाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं दिवसभर ज्यात टाइप करत बसतात तो कोड एडिटर. चूक झाली की लाल नागमोडी रेघ मारणारा, अर्धा शब्द लिहिला की उरलेला सुचवणारा, उघडलेला कंस आपणहून बंद करणारा. आणि तो स्वतःसुद्धा कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅमच, म्हणजे चुका त्यातही आल्याच. लेकीचा एडिटर मायक्रोसॉफ्टचा, व्हिज्युअल स्टुडिओ कोड. 29 एप्रिल 2015 ला तो लोकांना पहिल्यांदा दाखवला, त्याच नोव्हेंबरात त्याचा कोड सगळ्यांना बघायला मोकळा केला, आणि 14 एप्रिल 2016 ला पहिली पक्की आवृत्ती निघाली. त्यानंतर वर्षानुवर्षं जवळजवळ दर महिन्याला एक, असा रतीब चालला.

आमचा आवाज ऐकून लेक बाहेर आली. शाळेत माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे मी तिलाही 'बाई'च. आईचं गाऱ्हाणं तिनं रोजच्या सरावानं ऐकून घेतलंन आणि उलट विचारलंन, "आई, होडी वर कधी काढता?"

"एक जूनला. मासेमारीची बंदी लागली की काढायचीच. एकतीस जुलैपर्यंत आंजर्ल्याच्या खाडीत. फटी बुजवायच्या, रंग काढायचा, इंजिन खोलायचं, जाळी शिवायची. एकदा ते झालं की पुढचे दहा महिने बघायला नको."

"माझ्या एडिटरला ते दोन महिने मिळतच नाहीत. जगभरची लाखो माणसं रोज त्यात बसून दर्यात असतात. फळी बदलायची तर चालत्या होडीचीच बदलायची."

वहिनी जरा गप्प झाल्या. चालत्या होडीची फळी बदलणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मग लेकीनं महिन्याचा हिशोब सांगितलान. सुरुवातीला यादी, या खेपेला काय करायचं त्याची. मग नवं लिहिणं आणि जुनं दुरुस्त करणं. शेवटाशेवटाला नवं काही घालायचं नाही, नुसतं तपासायचं, तेही एकमेकांचं. ज्याला धीर नाही त्याच्यासाठी रोजच्या रोज निघणारी वेगळी आवृत्ती असते, हिरव्या चिन्हाची. ती वापरणाऱ्यांनी ठेचा खायच्या आणि ओरडून सांगायचं, म्हणजे निळ्या चिन्हाच्या आवृत्तीवर बसलेले वाचतात. "तू कुठची वापरतेस?" मी विचारलं. "निळी. कंपनी पगार ठेचा खायला देत नाही."

"पण बिघडतं तरी काय एवढं?" वहिनींचा मुद्दा सुटलेला नव्हता.

यावर लेकीनं जी गोष्ट सांगितलीन ती मला इतकी आवडली, की मी त्या दिवसापासून दिसेल त्याला सांगत सुटले आहे. 2017 च्या मार्चमधली. कुणाच्या तरी लक्षात आलं, की एडिटर नुसता उघडा पडलाय, कुणी एक अक्षर टाइप करत नाही, तरी तो प्रोसेसरचे 13 टक्के खातोय. चोर कोण? कर्सर! आपण जिथं लिहितो तिथं ती उभी रेघ लुकलुकते ना, तिचं लुकलुकणं. अर्धा सेकंद दिसायचं, अर्धा सेकंद लपायचं, एवढंच तिचं काम. पण ते ज्या पद्धतीनं लिहिलं होतं, त्यात खालची ब्राउझरची यंत्रणा सेकंदाला 60 वेळा चित्र नव्यानं रंगवत होती. अठ्ठावन्न वेळा तेच ते चित्र.

"अगो बाय माझे! नुसतं डोळे मिचकावायचे तेरा टक्के?"

"आणि बॅटरी संपते ती वेगळी."

"मग केलंन काय?"

तात्पुरता इलाज सोपा होता. सेटिंगमध्ये जाऊन रेघेचं लुकलुकणंच बंद करायचं. पुढं बनवणाऱ्यांनी मूळ पद्धत काढून टाकली आणि ठरलेल्या वेळानं साधं चालू-बंद करणारा कोड घातला. यात शहाणपण बनवणाऱ्यांचं थोडं, कळवणाऱ्याचं जास्त. 'एडिटर हळू चालतो' असं मोघम तो बोलला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. त्यानं मोजमाप घेतलं, कुठल्या क्षणाला काय चाललंय त्याची नोंद काढली आणि बोट नेमकं त्या रेघेवर ठेवलं.

नवी सोय घालणं हे दुरुस्तीपेक्षा मोठं काम, अशी माझी समजूत होती. पण कंसांचं प्रकरण ऐकल्यावर दोन्हींतला फरकच पुसट झाला. कोडात कंसाच्या आत कंस, त्याच्या आत आणखी कंस. कुठला कुठं मिटतो ते कळावं म्हणून जोड्या रंगवून दाखवणारं एक एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला वरून जोडायची पुरवणी, बाहेरच्या माणसानं लिहिलं होतं. लाखो लोक ते वापरत होते. पण फाइल मोठी असली की ते दमायचं, आणि कितीही सुधारलं तरी बाहेर बसून त्याला एडिटरच्या पोटातलं दिसत नव्हतं. शेवटी ऑगस्ट 2021 च्या आवृत्तीत एडिटरवाल्यांनी तीच सोय आतून बांधली. दहा हजार पट वेगवान, असं त्यांनी स्वतः जाहीर केलं. चाळीस हजारांवर ओळींच्या ज्या फाइलवर एक्स्टेंशनला दहाएक सेकंद लागायचे, तिथं आता एक मिलिसेकंदही लागत नाही. एक्स्टेंशन मग निवृत्त झालं.

"त्या बिचाऱ्याचं काम गेलं म्हणायचं."

"त्याची डोकेदुखी गेली, आई."

आता भानगडींकडे वळू, कारण गडग्यावर उभं राहून नुसतं तंत्रज्ञान बोललं तर वहिनी आत निघून जातात. गिटहब नावाच्या कंपनीनं 2014 मध्ये ॲटम नावाचा एडिटर काढला. तो चालावा म्हणून त्यांनी एक पाया बांधला, इलेक्ट्रॉन. त्याच पायावर मायक्रोसॉफ्टनं आपला व्हिज्युअल स्टुडिओ कोड उभा केला. पाया सगळ्यांसाठी खुला होता, तेव्हा त्यात गैर काही नाही. मग 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टनं गिटहबच विकत घेतलं, साडेसात अब्ज डॉलरला. ॲटमला काही होणार नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले. आणि 15 डिसेंबर 2022 ला ॲटम बंद.

"वाटलंच मला," वहिनी म्हणाल्या. "आणि ॲटमची माणसं?"

त्यातल्या काहींनी झेड नावाचा नवा एडिटर काढला, रस्ट भाषेत, इलेक्ट्रॉनचं नाव न घेता. हे ऐकून वहिनींना जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता.

दुसरी भानगड टोपीची. डिसेंबर 2019 मध्ये नाताळ म्हणून व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या सेटिंगच्या चाकावर सांताक्लॉजची लाल टोपी बसवली. एकानं लिहिलं, की ही टोपी मला खुपते, काढा. यांनी काढली आणि हिमकण लावला. झालं! टोपी का काढली म्हणून दुसऱ्या बाजूनं तक्रारींची रांग लागली. कोडातल्या चुका राहिल्या बाजूला आणि जगभरचे प्रोग्रॅमर टोपीवरून भांडत बसले. "म्हणजे मानपान तिकडे पण आहेच," एवढंच बोलून वहिनींनी तो विषय निकालात काढला.

दुरुस्तीच्या उशिराबद्दल मात्र पहिला मान विंडोजच्या साध्या नोटपॅडला. ओळ कुठं संपली हे दाखवायची खूण विंडोजमध्ये एक, लिनक्समध्ये दुसरी. लिनक्सवर लिहिलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच ओळीत आडवा. 1985 च्या पहिल्या विंडोजपासून नोटपॅड आहे, आणि ही एवढी गोष्ट सुधारली 2018 मध्ये. सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या सगळ्यात माझा जीव जडला तो व्हिम नावाच्या एडिटरवर. वापरणं मला जन्मात जमायचं नाही. त्यातून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर 2017 पर्यंत दहा लाख वेळा उघडून पाहिला गेला होता, तिथं माझी काय कथा! पण ब्राम मूलेनार या डच माणसानं 1991 मध्ये तो पहिल्यांदा लोकांना दिला आणि पुढं बत्तीस वर्षं सांभाळला. पैसे मागितले नाहीत. वापरून बरं वाटलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा, एवढंच म्हणाला. आजही व्हिम नुसता उघडला की त्या मुलांसाठीची ओळ पडद्यावर येते. 3 ऑगस्ट 2023 ला मूलेनार गेले. आता संपलं, असं वाटलेल्यांना बाकीच्या मंडळींनी कामानंच उत्तर दिलं. 2 जानेवारी 2024 ला 9.1 ही आवृत्ती निघाली, ती त्यांच्याच स्मरणार्थ. दुरुस्त्या थांबलेल्या नाहीत.

"युगांडा कुठं आलं?" वहिनींनी विचारलं. मी आफ्रिका म्हटलं. "मग चांगला होता माणूस," त्या म्हणाल्या.

आता आपल्या घरचं. कोड एडिटर ज्यांनी पहिल्यांदा घडवले त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी होती. प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं, एकामागे एक, सरळ रांगेत. आपलं तसं नाही. 'क्षि' आपल्याला एक दिसतं, कॉम्प्युटरच्या आत मात्र ते चार असतात: क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. वेलांटी शेवटी साठवायची आणि दाखवायची मात्र आधी. हे जोडकाम करणारा हार्फबझ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. क्रोम, फायरफॉक्स त्याच्यावरच चालतात, आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या पोटात क्रोमचंच इंजिन असल्यानं तिथं मराठी नीट उमटतं. ईमॅक्स हा 1985 पासूनचा म्हातारा एडिटर. त्यानंसुद्धा ऑगस्ट 2020 च्या 27.1 आवृत्तीत हार्फबझ घेतला. पण टर्मिनल म्हणून जी काळी खिडकी असते, तिथं पडद्याचे सारखे चौकोन पाडलेले, एका चौकोनात एक अक्षर. तिथं आपली जोडाक्षरं अजून अडखळतात. मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे.

लेकीला असाच एक अनुभव आला. बंदरावरच्या लिलावाचे भाव नोंदवायला तिनं वडलांसाठी हौसेनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिलान, त्यात माशांची नावं मराठीत. एडिटरमध्ये तिनं घातलेलं एक एक्स्टेंशन शब्द मोजायचं आणि अनोळखी शब्दाखाली रेघ मारायचं. त्याचं नाव घेत नाही, कारण बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यानं 'पापलेट'चे तीन शब्द केलेन: 'प', 'पल' आणि 'ट'.

"तीन तुकडे?" वहिनी कळवळल्या. "अगो, पापलेटचे तरी नीट करायचेत!"

कारण साधं होतं. शब्द म्हणजे अक्षरांची सलग रांग, असा नियम त्यात लिहिलेला. युनिकोडच्या हिशोबात क, ख, ग ही अक्षरं, पण काना-मात्रा-वेलांटी या 'खुणा', त्यांचा वर्ग वेगळा. म्हणून काना आला की याला वाटायचं शब्द संपला. नियमात 'अक्षर' होतं तिथं 'अक्षर किंवा खूण' एवढं केलं की काम झालं. लेकीनं काय केलंन? गप्प बसली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, कुठली आवृत्ती, हे चार ओळींत लिहून पडद्याचं चित्र जोडून पाठवलंन. वर 'पापलेट म्हणजे मासा' असंही कळवलंन. पुढच्या आवृत्तीत पापलेट अखंड! शिवाय हिंदी, नेपाळी, कोकणी लिहिणाऱ्यांचंही काम परस्पर झालं, कारण लिपी तीच.

इथं मला आपल्या माणसांचा राग येतो, तो बोलून टाकते. मराठी मुलं जगभर कोड लिहितात. पुण्यात तर दगड मारावा तिथं इंजिनिअर. आणि एडिटरमध्ये मराठी तुटलं, की 'मराठीत असंच होतं' म्हणून खांदे उडवून इंग्रजीत लिहायला लागतात. जपानी, चिनी लिहिणारे आपल्या अक्षराचा केस वाकडा झाला तरी कळवतात, म्हणून त्यांचं सुधारतं. आपल्यातही करणारे आहेतच की. डॉन हो यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या नोटपॅड प्लस प्लसचा अख्खा मेनू मराठीत करता येतो, तो कुणीतरी चिकाटीनं भाषांतर करत बसलं म्हणूनच ना? रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित फॉन्ट सांभाळले, म्हणून लिनक्सवर देवनागरी धड दिसू लागली.

"बाई, तुम्ही वर्गात शिरलात," लेक म्हणाली. खरं आहे. सोडते.

अलीकडच्या अपडेटांवर तिची स्वतःचीही एक कुरकुर आहे. नव्या सोयींची यादी उघडावी तर वरपासून खाली एआय. हा सुचवतो, तो लिहितो, तिसरा लिहिलेलं तपासतो. छोट्या दुरुस्त्या शोधायला खाली खाली जावं लागतं. मला वाटतं, तिचं चुकत नाही. घरात नवा पाहुणा आला म्हणून गळकं कौल तसंच ठेवायचं नसतं. मी आता ती यादी तळापासून वाचते. तळाशी आभार असतात. बाहेरच्या ज्या ज्या माणसांनी दुरुस्त्या पाठवल्या त्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे त्यानं काय सुधारलं ते.

वहिनींचं मत मात्र पालटलं ते यातल्या कशानंच नाही. पालटलं लाइट गेली म्हणून. आम्ही बोलतोय तेवढ्यात पडवीतला पंखा थांबला. लॅपटॉपची बॅटरी आधीच मरायला टेकलेली, तोही विझला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यात कित्येक दिवस अंधार होता. तेव्हापासून वहिनींना लाइट गेली की धसकाच बसतो.

"गेलं गो सगळं! सकाळपासूनचं लिहिलेलं!"

"काही नाही गेलं," लेक शांतपणे म्हणाली. 2016 मध्ये घातलेली सोय आहे. सेव्ह न केलेलं लिखाण एडिटर मागच्या मागं जपून ठेवतो आणि उघडलं की होतं तसं समोर आणतो. शिवाय मार्च 2022 च्या आवृत्तीपासून प्रत्येक फाइलच्या जुन्या प्रतीही आपणहून राखतो, सकाळचं हवं तर सकाळचं काढा. तासाभरानं लाइट आली, लॅपटॉप जागा झाला, आणि अर्धवट ओळ जिथल्या तिथं. वहिनींनी ती स्वतः वाकून पाहिली. "हे दुरुस्तीतच आलं होतं काय?" "हो." "मग येऊ देत दर महिन्याला," त्यांनी निकाल दिला.

आता वाचणाऱ्यांपैकी जे कोड लिहितात त्यांना एक विनंती. तुमच्या एडिटरमध्ये मराठी कुठं तुटत असेल, कर्सर जोडाक्षरात भलत्या जागी बसत असेल, तर कळवा. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं. चित्र आणि आवृत्तीचा आकडा मात्र हवाच. आधी कुणी तेच कळवलं आहे का ते शोधा, असेल तर नवं न लिहिता त्यालाच अंगठा द्या. व्हिज्युअल स्टुडिओ कोडवाल्यांचा नियम असा, की नवी सोय मागितली की तिला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात वीस अंगठे पडले तर ती कामाच्या यादीत जाते, नाहीतर बंद. वीस म्हणजे काही फार नाहीत. मागणी घालाल तेव्हा कळवा. एक अंगठा माझा धरून चाला, उरलेले एकोणीस तुमचे तुम्ही जमवा.